पार्कमधल्या रांगा आणि आपली दिव्यांग मुलं-माणसं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपल्या की थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर एकच विषय सुरू होतो, यंदा पोरांना कुठं न्यायचं, आणि मग हळूच कोणीतरी विचारतं, ताई तुम्ही अम्युझमेंट पार्कमध्ये रांगेचं काय करता. आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, बोलतो मोजकंच, पण झुले, म्हणजे पार्कमधल्या सगळ्या राइड्स, त्याला जिवापाड आवडतात. झुल्यावर तो जितका खुश असतो तितका वर्षभरात क्वचित दिसतो, म्हणून आम्ही जातो आणि जात राहू. दिव्यांग माणसाला रांगेत उभं न राहता बाहेर थांबून आपल्या नंबरला आत जाता यावं, या सोयीबद्दल तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. नागपूरच्या आईबाबांसाठी लिहिलंय पण कुठल्याही गावच्याला कामाचं आहे.

ही सोय म्हणजे रांग सोडून पुढं घुसणं का?

नाही. हे सगळ्यात आधी पक्कं करा, कारण गार्डला समजावताना आणि रांगेतल्या लोकांना उत्तर देताना हेच कामी येतं. नंबर लावायचा असतोच, फक्त उभं दुसरीकडे राहायचं. धंतोलीत डॉक्टरकडे गेलो की आपण कंपाउंडरला नाव सांगतो आणि खाली गाडीत जाऊन बसतो ना, नंबर काही जात नाही आपला, अगदी तसंच. समजा एका झुल्यासमोर पाऊण तासाची रांग आहे, तुम्ही तिथल्या माणसाला भेटलात, त्यानं घड्याळ बघून पाऊण तासानंतरची वेळ लिहून दिली, तोवर तुम्ही झाडाखाली बसा, खाऊ खा, बाथरूमला जाऊन या, आणि वेळ झाली की बाजूच्या गेटातून आत. बाकीच्यांइतकंच थांबलात, कोणाचा एक मिनिट खाल्ला नाही.

परदेशातल्या मोठ्या पार्कांत याला परतीची वेळ देणं म्हणतात आणि एका वेळी एकाच झुल्याची वेळ मिळते, ती वापरली की दुसरी घ्यायची.

पण थोडा वेळ उभं राहायला काय होतं? बाकीची पोट्टी राहतातच ना?

हा प्रश्न मला सासरच्या माणसांनीही विचारलाय आणि मी दर वेळी शांतपणे उत्तर देते, कारण बघितलं नसेल तर कळतच नाही.

पार्कमधली रांग सरळ नसते, लोखंडी पाइपांच्या मधून सापासारखी वळवलेली असते, दोन्ही बाजूला कठडा, पुढं माणूस, मागं माणूस, मध्येच बाहेर पडायचं म्हटलं तर पन्नास लोकांना सरकवत यावं लागतं. वरून स्पीकरवर गाणी, बाजूला झुल्यावरच्या किंकाळ्या, मागच्याच्या बॅगचा दर दोन मिनिटांनी धक्का. आमचा मुलगा सुरुवातीला पाइप मोजतो, मोजत मोजत हात फिरवत जातो, तोवर ठीक असतं. मग शर्टाची कॉलर तोंडात जाते. मग तो एकाच पायावर भार देऊन डुलायला लागतो आणि डोळे झुल्यावरून निघून जमिनीवर येतात, हे दिसलं की मला समजतं आता आपल्याकडे पाच मिनिटं आहेत. त्या पाच मिनिटांत रांग संपली तर झुला मिळतो, नाही संपली तर कान दाबून खाली बसणं, किंचाळणं, स्वतःच्या हाताला चावणं, आणि मग पुढचा अख्खा दिवस गेला, त्याचाही आणि आमचाही. वीस मिनिटं सावलीत मोकळं फिरायला मिळालं तर यातलं काहीच होत नाही, तोच मुलगा, तोच झुला.

ही सोय कोणाकोणासाठी आहे? फक्त ऑटिझमसाठी का?

फक्त ऑटिझमसाठी नाही. आपल्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत आणि त्यातली बरीचशी बाहेरून दिसतच नाहीत. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, मानसिक आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, आणि आपल्याकडे ज्याचं नाव आधी घ्यायला पाहिजे तो सिकलसेल, आईबाबांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार.

विदर्भात सिकलसेलची मुलं किती आहेत हे मेडिकल नाहीतर मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत एक सकाळ बसलं तरी दिसतं. या मुलांच्या अंगात पाणी कमी झालं, फार थकवा आला किंवा एकदम थंडी लागली की दुखण्याचा झटका येऊ शकतो, आणि तो साधा नसतो, हाडं फोडल्यासारखं दुखतं असं मुलं सांगतात. आता विचार करा, मे महिन्यातलं ऊन, वॉटर पार्कच्या घसरगुंडीची तासाभराची रांग, घामानं पाणी गेलेलं, आणि वर पोचल्यावर एकदम गार पाण्यात धप्पकन. म्हणजे ज्या गोष्टी टाळायला डॉक्टर सांगतात त्याच सगळ्या ओळीनं. आमच्या नात्यातली एक मुलगी अशाच सहलीनंतर दवाखान्यात भरती झाली होती, आणि त्या दिवशी ती रांगेत शहाण्यासारखी उभी राहिली होती, एक शब्द बोलली नव्हती. म्हणून सिकलसेलच्या मुलांच्या आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पोर दिसायला धडधाकट आहे म्हणून मागायला लाजू नका.

शुगर, फिट येणं, आतड्याचे आजार ज्यात दर अर्ध्या तासाला बाथरूम लागतं, डायलिसिसवरचे आजोबा, हे सगळे त्या २१ मध्ये नावानं बसतीलच असं नाही. पण उभं राहणं त्यांनाही जमत नाही, अशा वेळी डॉक्टरची साधी चिठ्ठी घेऊन जायची आणि मागायचं.

यूडीआयडी कार्ड लागतंच का?

यूडीआयडी म्हणजे सरकार देतं ते दिव्यांगांचं ओळखपत्र, असेल तर काम सोपं होतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात, नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स. कार्डाचे रंग टक्क्यांवरून, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं आणि ८० च्या वर निळं. ऑटिझमची टक्केवारी इसा नावाच्या ४० प्रश्नांच्या चाचणीवरून काढतात, त्यासाठी मुलाच्या रोजच्या वागण्याबद्दल बारीक बारीक विचारतात, तर जाण्याआधी घरी एका कागदावर लिहून ठेवा, तिथं ऐनवेळी आठवत नाही.

मूळ कार्ड पार्कमध्ये नेऊ नका, पाण्यात गेलं तर पुन्हा चकरा मारायला लागतात. मोबाइलमध्ये फोटो आणि एक लॅमिनेट केलेली झेरॉक्स पुरे.

पार्कवाल्यांनी द्यायलाच पाहिजे असं कायद्यात आहे का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात वाजवी सोय म्हणजे काय हे सांगितलंय, म्हणजे दिव्यांग माणसाला बाकीच्यांसारखा हक्क वापरता यावा म्हणून केलेला योग्य तो बदल, ज्यानं समोरच्यावर अवाजवी ओझं पडत नाही. आणि पुढं जाऊन हेही म्हटलंय की अशी सोय नाकारणं हा भेदभावच आहे. कलम २९ मध्ये करमणुकीत बरोबरीनं भाग घेण्याचा हक्क आहे, कलम ४६ मध्ये सेवा देणारे सरकारी असोत की खाजगी, सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, नियम त्यांना लागू होतात असं आहे. आता एखादा कागद लिहून देणं आणि बाजूचं गेट उघडणं हे कुठल्याच पार्कला अवाजवी ओझं नाही, एवढं तर कोणीही कबूल करेल.

खरी अडचण वेगळी आहे. झुल्याच्या रांगेत नेमकं काय करायचं हे कायद्यात कुठं शब्दानं लिहिलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक पार्क आपापलं ठरवतो आणि बऱ्याचदा त्या दिवशी गेटवर जो उभा आहे तोच ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, काही गोष्टी बंधनकारक करा, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. मला मनापासून वाटतं की अशा बंधनकारक यादीत रांगेचा विषय यायला पाहिजे, कारण रॅम्प आणि लिफ्ट म्हटलं की लोकांना लगेच समजतं पण थांबणं हासुद्धा जिना असतो हे अजून डोक्यात शिरलेलं नाही.

फास्टट्रॅक तिकीट घेतलं की झालं ना, मग हे कशाला मागायचं?

पैसे असतील आणि भांडायची ताकद नसेल तर घ्या, मी पण घेतलंय, त्यात काही वाईट नाही. वंडरलात फास्टट्रॅक मिळतं, इमॅजिकात एक्सप्रेस मिळतं. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. फास्टट्रॅकवाला पैसे देऊन कमी थांबतो, आपण तेवढंच थांबायला तयार आहोत, फक्त जागा वेगळी मागतो. ज्या घरात महिन्याला थेरपीचेच इतके पैसे जातात त्यांनी झुल्यासाठी जवळजवळ दुप्पट द्यायचे हे काही बरोबर नाही. आणि सुट्टीच्या दिवशी फास्टट्रॅकलाही रांग असते, तीच पाइपांची.

इमॅजिका, वंडरला इथं जायचंय, आधी काय करू?

नागपूरहून हैदराबादचं वंडरला जवळ पडतं, साधारण ५०० किलोमीटर, २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारतही आहे. इमॅजिका खोपोलीला, ती लांबची सहल, समृद्धीवरून गेलं तरी रात्रीचा मुक्काम धरूनच चला, कारण थकलेलं मूल सकाळी पार्कमध्ये नेलं तर कुठलीच सोय पुरत नाही.

जायच्या निदान आठ दिवस आधी मेल करा आणि मग फोन. नुसता फोन केला तर पलीकडचा हो हो मॅडम म्हणतो आणि तुम्ही पोचता त्या दिवशी त्याची सुट्टी असते, लेखी उत्तर मोबाइलमध्ये असलं की गेटवर दाखवता येतं. मी जो मेल पाठवते तो असा असतो, हवा तर उचला :

"नमस्कार, आम्ही अमुक तारखेला नागपूरहून चौघं येत आहोत. आमच्या मुलाला ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड सोबत जोडलं आहे. तो बंद रांगेत दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. रांगेची जी वेळ असेल तेवढा वेळ आम्ही बाहेर थांबायला तयार आहोत, वेळ झाल्यावर आम्हाला बाजूच्या गेटातून आत सोडावं ही विनंती. त्या दिवशी कोणाला भेटायचं त्यांचं पद आणि फोन नंबर कळवावा."

बघा, यात आजाराचं वर्णन एका ओळीत संपलंय आणि काय जमत नाही, काय पाहिजे हे स्पष्ट आहे. गेटवरच्या माणसाला ऑटिझम म्हणजे काय हे शिकवत बसलो तर तोही गोंधळतो. त्याला एवढंच सांगायचं की दहा मिनिटांवर जमत नाही, बाहेर थांबतो, वेळ लिहून द्या.

पोचल्यावर पहिल्या झुल्याकडे न पळता आधी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जा. आणि जमलं तर मंगळवार-बुधवारी जा, रविवार नको, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात तेव्हा तर दहा दहा बस एकदम उतरतात.

गार्ड म्हणतो, मुलगा तर चांगला दिसतो. काय बोलायचं?

आमच्यासोबत झालंय. एका वॉटर पार्कमध्ये, कार्ड दाखवलं, गार्डनं कार्डावरचा फोटो बघितला, मुलाकडे बघितलं, मुलगा त्या वेळी मस्त हसत उड्या मारत होता, आणि म्हणाला, "मॅडम, हा तर चांगला धावून राहिला, याला काय झालं?" मागं लोक ऐकत होते. माझ्या नवऱ्याचा आवाज चढला, गार्डचा त्याहून चढला, आणि तेवढ्या आवाजानंच मुलगा कान दाबून खाली बसला, म्हणजे ज्याच्यासाठी भांडत होतो त्यालाच त्रास. त्या दिवशी आम्ही एकही झुला न घेता वापस आलो.

तेव्हापासून आम्ही काम वाटून घेतलंय. एक जण मुलाला घेऊन लांब उभा राहतो, दुसरा एकटा जाऊन बोलतो. आणि वाक्य ठरलेलं आहे : "भाऊ, याचा त्रास दिसत नाही, पण आहे, हे सरकारी कार्ड आहे. तुमच्या हातात नसेल तर सुपरवायझरला बोलवा, आम्ही इथंच थांबतो." दादा, भाऊ म्हणून बोललं की पाच जणांतले चार ऐकतात. बारा तास उन्हात उभा असतो तो, त्याला कोणी ट्रेनिंगही दिलेलं नसतं, राग त्याच्यावर काढून उपयोग नाही.

काही जण गळ्यात सूर्यफुलाचा हिरवा पट्टा घालतात, न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून. ही पद्धत २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता बंगळुरू विमानतळावरही चालते. आपल्या पार्कमध्ये गार्डला तो ओळखू येईल याचा भरवसा धरू नका.

व्हीलचेअर असली की आपोआप पुढं सोडतात का?

आपोआप नाही. अमेरिकेतल्या डिस्नेमध्ये बहुतेक रांगाच इतक्या रुंद आणि सपाट केल्यात की व्हीलचेअर सगळ्यांसोबत रांगेतूनच जाते, आणि खरं तर बरोबरी म्हणतात ती हीच. आपल्याकडे रांगेत पायऱ्या आणि चिंचोळी वळणं असतात म्हणून बाहेरच्या गेटातून, म्हणजे लोक जिथून उतरून बाहेर येतात तिथून नेतात. फक्त आधीच बघून घ्या की तिथंही पायऱ्या आहेत का, कारण मग उचलून न्यायची वेळ येते आणि मोठ्या मुलाला, मोठ्या माणसाला ते नको असतं, त्याला विचारल्याशिवाय कोणी हात लावू नये.

रांगेची सोय मिळाली म्हणजे झुल्यावर बसू देतीलच ना?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची, पट्टा नीट बसणं, हातानं दांडा धरता येणं, मानेला आधार असणं, हे नियम जिवाच्या काळजीपोटी असतात आणि ते पाळायचे. पण नियम झुल्यासमोर लिहिलेला पाहिजे आणि सगळ्यांना सारखा पाहिजे, "असली मुलं आम्ही बसवत नाही" हा काही नियम होत नाही. तो लेखी मागा.

सोबत किती जण जाऊ शकतात?

घरचे तीन-चार जण धरून चला. पंधरा जणांचा ग्रुप आणि एक कार्ड असं करू नका, यानंच सोय बदनाम होते.

दोन मुलं आहेत, एकाला झुला झेपत नाही. दुसऱ्यानं का वंचित राहावं?

यासाठी अदलाबदलीची पद्धत असते, डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात. आई एका मुलाला घेऊन रांगेतून जाऊन झुल्यावर बसते, बाबा दुसऱ्याला घेऊन बाहेर थांबतात, आई उतरली की बाबा पुन्हा पूर्ण रांग न लावता बसतात. आपल्याकडे बोर्ड लावलेला नसतो, पण विचारलं तर बरेचदा मानतात, त्यांचं काही जात नाही. भावंडांचा हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. आमची मोठी मुलगी कित्येक वर्षं "राहू दे, मला नाही बसायचं" म्हणायची आणि आम्ही ते खरंच मानत होतो.

अमेरिका, दुबईला जातोय, तिथं कसं असतं?

डिस्नेत या सोयीचं नाव डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस, लोक डीएएस म्हणतात. जाण्याआधी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं, फी नाही, डॉक्टरचे कागद मागत नाहीत, पण खोटं सांगितलं असं आढळलं तर कायमची बंदी. २०२४ मध्ये त्यांनी नियम आवळले, फ्लोरिडात २० मेपासून आणि कॅलिफोर्नियात १८ जूनपासून, आणि आता ही सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे लांब रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना आतड्याचा किंवा सांध्यांचा त्रास आहे असे पुष्कळ लोक त्यातून बाहेर पडले आणि त्यांची नाराजी मला समजते, त्यांना रांगेतून मध्येच बाहेर जाऊन पुन्हा आपल्या माणसांजवळ येऊ देणं असे दुसरे पर्याय सांगतात.

युनिव्हर्सलला वेगळं. तिथं आधी आयबीसीसीईएस या संस्थेच्या साइटवर कार्ड काढायचं, फुकट आहे, कागद अपलोड करावे लागतात, निदान ४८ तास आधी करा. सिक्स फ्लॅग्जलाही हेच कार्ड चालतं. कार्ड निघालं म्हणजे सोय मिळालीच असं नाही, पार्कमध्ये जाऊन बोलावं लागतंच. आपल्या मराठी कागदांचं इंग्रजी करून ठेवा, डॉक्टरला सांगितलं तर लेटरहेडवर चार ओळी देतात.

दुबई-अबूधाबीत दिव्यांगांना सरकारीच शब्द आहे, पीपल ऑफ डिटर्मिनेशन, काउंटरवर तोच शब्द वापरा, पटकन कळतं. अबूधाबीच्या फेरारी वर्ल्डसारख्या पार्कांच्या कर्मचाऱ्यांना ऑटिझमचं ट्रेनिंग दिलेलं असतं.

लोक याचा गैरफायदा घेतात म्हणे?

घेतात, आणि त्याची किंमत आपल्या मुलांनी मोजली आहे. डिस्नेमध्ये आधी गेस्ट असिस्टन्स कार्ड असायचं, त्यावर बऱ्याचदा थेट आत सोडायचे. २०१३ मध्ये बातमी आली की न्यूयॉर्कच्या काही श्रीमंत बायका दिव्यांग माणसाला तासाच्या पैशानं सोबत घेऊन रांगा टाळतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते कार्ड बंद झालं आणि परतीच्या वेळेची पद्धत आली. ज्यांच्या मुलांना बाहेरसुद्धा थांबणं जमत नव्हतं अशी कुटुंबं कोर्टात गेली, एका ऑटिझम असलेल्या तरुणाचा खटला तर २०१८ मध्ये अपिलात वापस पाठवला गेला, पण २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूनं लागला.

आपल्या कायद्यातही कलम ९१ आहे, दिव्यांगांचा फायदा लबाडीनं घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या ओळखीत कोणी "तुझ्या पोराचं कार्ड दे ना एक दिवस" म्हटलं तर सरळ नाही म्हणा, नातं कितीही जवळचं असू द्या.

नागपूरच्या उन्हात आणि वॉटर पार्कमध्ये आणखी काय बघायचं?

आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि मे अखेरच्या नवतपात, म्हणजे त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर सकाळी नऊलाच झळा लागतात. अमरावती रोडवरचं बाजारगाव म्हणा की दुसरीकडचं, बहुतेक वॉटर पार्कला घसरगुंडीची रांग जिन्यावर असते, लोखंडी नाहीतर सिमेंटचा जिना, वर छप्पर नाही, आणि पाय उघडे. स्पर्शाचा त्रास असलेल्या मुलाला ती तापलेली पायरी म्हणजे निखारा. म्हणून खाली थांबून वर जायची परवानगी मागा आणि पाण्यात चालणारे रबरी बूट चालतील का विचारून घ्या.

फिट येणाऱ्या मुलासोबत पाण्यात कायम एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे, आणि लाइफगार्डला आधीच सांगून ठेवा. सिकलसेलवाल्यांनी दर पाऊण तासाला पाणी पाजा, तहान लागो न लागो, सोबत कोरडा टॉवेल ठेवा, ओल्या कपड्यात वाऱ्यात बसू देऊ नका. बाहेरचं खाणं-पिणं आत नेऊ देत नाहीत तिथं पथ्याचं जेवण, ओआरएस, औषध नेऊ द्या असं त्या मेलमध्येच एका ओळीत टाका.

परतीच्या वेळेपर्यंत मूल बाहेर तरी कसं थांबणार?

रिकामं थांबणं आमच्या मुलालाही जमत नाही, थांबण्यात काहीतरी भरावं लागतं. आम्ही दोन चित्रांचं कार्ड करतो, वर "आधी" आणि खाली "मग". आधी चिवडा, मग झुला. आधी सावलीत दोन चकरा, मग झुला. मोबाइलवर टायमर लावून त्याच्या हातात देतो, आकडे कमी होताना दिसले की त्याला विश्वास वाटतो. कानावरचे मोठे हेडफोन, गॉगल, चघळायची एक वस्तू आणि घरचा तोच स्टीलचा डबा, नवा डबा नाही. पार्कमध्ये शिरल्या शिरल्या एक शांत कोपरा शोधून ठेवतो, बऱ्याचदा फर्स्ट एडच्या खोलीच्या मागं किंवा लॉकरजवळ मिळतो.

आणि दिवसाला तीन झुले म्हणजे भरपूर. तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात चौथ्याला नेऊ नका.

रांगेतले लोक टोमणे मारतात तेव्हा?

एकच वाक्य : "आमचा नंबर होता काकू, आम्ही बाहेर थांबलो होतो." बहुतेक लोक लगेच नरमतात, कित्येकदा तर मुलाला बिस्कीट देतात. कोणी मुद्दाम चारचौघांत दिव्यांग माणसाचा अपमान केला तर कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, हे माहीत असू द्या, वापरायची वेळ क्वचित येते.

सरळ नकारच दिला तर?

जागेवर : सुपरवायझर, मग मॅनेजर, मग नकार लेखी द्या म्हणा. कधी कधी "लेखी द्या" म्हटल्यावरच गेट उघडतं. तिकीट, वेळ, त्या माणसाचं पद लिहून ठेवा. घरी आल्यावर पार्कला मेल, आणि पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार, त्यांना साक्षीला बोलवायचे, कागद मागवायचे अधिकार आहेत. तिकीट काढलंय म्हणजे तुम्ही ग्राहकही आहात, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवा. दिव्यांग हक्क कायदा मोडल्याचा पहिला दंड दहा हजारांपर्यंत आहे, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख.

मोठ्या पार्कला जायच्या आधी नागपुरात सराव कुठं करता येईल?

आम्ही मेट्रोपासून सुरू केलं. सीताबर्डी इंटरचेंजला तिकिटाची छोटी रांग, पुढं खरंच गाडी येते, म्हणजे थांबलं की काहीतरी मिळतं हे मुलाला कळतं. मग टेकडी गणपती, पण संकष्टीला नाही, साध्या दिवशी दुपारी, आधी दोन मिनिटांची रांग, मग पाचची. मग गोरेवाड्याची सफारी, तिथं बसची वाट बघावी लागते आणि नंतर वाघ-अस्वलं. पारडी भागात दिव्यांगांसाठी अनुभूती नावाच्या मोठ्या पार्कची घोषणा २०२३ मध्ये झाली, नव्वद हजार चौरस फुटांचं, स्पर्शाच्या आणि गंधाच्या बागेसह, अशा जागेत तर आपल्या मुलांना बिनधास्त सोडता येईल.

सरावात एक गोष्ट सांभाळा, मूल थकायच्या आधी बाहेर या. सात मिनिटं झेपत असतील तर सहाव्याला शाबासकी देऊन निघा, आठव्यापर्यंत ताणू नका. आम्हाला दोन मिनिटांवरून दहावर यायला दीड वर्ष लागलं, म्हणून मेलमध्ये मी दहा लिहिते. तुमच्या मुलाचा आकडा तीन असेल तर तीन लिहा.